सीनरी बिघडली? आधी थर ओळखा : सोलापूर परिसराच्या टाइल्स दुरुस्त करताना

फ्लाइट सिम्युलेटर सुरू केलं, सोलापूरच्या विमानतळावर विमान उभं केलं आणि होटगी रस्त्याच्या जागी अथांग समुद्र दिसला. किंवा रस्ता आहे, पण तो फोटोत छापलेला. घर नाही, झाड नाही. किंवा सगळं जागच्या जागी आहे, फक्त विमान धावू लागलं की धावपट्टी बैलगाडीच्या वाटेसारखी उसळ्या मारते. या तिन्ही तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी बहुतेक जण तिन्हींवर एकच औषध घेतात: सगळं डिलीट करायचं, तीस-चाळीस जीबी पुन्हा उतरवायचं आणि रात्र घालवायची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बिघाड कोणत्या थरात आहे ते आधी कळलं, तर निम्म्याहून अधिक दुरुस्त्या पंधरा मिनिटांत होतात.

इथला मुख्य भाग एक्स-प्लेन या सिम्युलेटरच्या ११ आणि १२ या आवृत्त्यांसाठी आहे, कारण घरी स्वतः टाइल, म्हणजे सीनरीचे (सिममधल्या भूभागाचे) चौकोनी तुकडे, बनवून टाकण्याचा उद्योग तिथेच सर्वाधिक चालतो. मायक्रोसॉफ्टचं सिम्युलेटर आणि फ्लाइटगिअर यांच्यापुरतं शेवटाकडे आहे. फाइल-फोल्डरांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. स्क्रीनवर ती रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत दिसतील.

थर म्हणजे काय

सगळ्यात खाली मेश, म्हणजे जमिनीच्या उंचसखलपणाची त्रिकोणांची जाळी. तिच्यावर फोटो किंवा टेक्स्चर. त्याच्यावर ओव्हरले: रस्ते, रेल्वे, झाडं, घरं. त्याच्याही वर विमानतळाचा पॅक, म्हणजे त्या जागेच्या सीनरीच्या फाइलींचा फोल्डर. लायब्ररी हा थर नव्हे, ते कोठार आहे. विमानतळाचा पॅक तिथून दिवे, कुंपण, गाड्या उचलून आणतो.

एक्स-प्लेन पॅकची यादी वरून खाली वाचतं. एका टाइलला मेश एकच मिळते. वाचताना जी पहिली मेश भेटेल ती घेतली जाते आणि त्या टाइलपुरतं तिच्या खालचं सगळं सोडून दिलं जातं. अंथरुणासारखंच आहे: सोलापुरी चादर जाड, ती सगळ्यात वर टाकली तर खालच्या दुलईची नक्षी कुणाला दिसणार? मेश असलेला पॅक चुकून यादीत वर गेला की खालचे रस्ते, घरं, विमानतळ सगळे झाकले जातात. फाइल शाबूत, लॉगमध्ये एरर नाही, आणि स्क्रीनवर मात्र काहीच नाही.

आपल्या टाइल कोणत्या

टाइल एक अंश बाय एक अंशाची असते आणि तिला नैर्ऋत्य कोपऱ्याचं नाव मिळतं. सोलापूर शहर साधारण १७.६६ उत्तर, ७५.९१ पूर्व, म्हणून टाइल +१७+०७५. आपल्या अक्षांशावर ती सुमारे १११ किलोमीटर उंच आणि १०६ किलोमीटर रुंद भरते. पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला याच टाइलमध्ये येतात. अक्कलकोट मात्र +१७+०७६ मध्ये, बार्शी +१८+०७५ मध्ये आणि तुळजापूर, धाराशिव +१८+०७६ मध्ये.

सोलापूर शहर आपल्या टाइलच्या पूर्व कडेपासून जेमतेम नऊ-दहा किलोमीटरवर आहे. १८ उत्तर आणि ७६ पूर्व या रेषा जिथे छेदतात, तो चार टाइलचा नाका तुळजापूरच्या पश्चिमेला सात-आठ किलोमीटरवर पडतो. त्यामुळे ‘मला फक्त सोलापूर हवंय, एकच टाइल बनवतो’ हा बेत फसतो. उड्डाण केल्यावर तीन-चार मिनिटांत फोटोची जमीन संपते आणि मूळ सीनरीची सुरू होते. किमान चार टाइल एकाच स्रोतातून, एकाच सेटिंगवर बनवा. उजनीकडे जायचं असेल तर पाचवी +१८+०७४ पण लागेल, कारण धरणाची भिंत ७५ पूर्वच्या उजवीकडे आणि भिगवणकडचं पाणी डावीकडे आहे.

डिस्कवर +१७+०७५ ची डीएसएफ फाइल (टाइलची सीनरी जिच्यात लिहिलेली असते ती) ‘अर्थ नॅव्ह डेटा’ या फोल्डरात, त्याच्या आत ‘+१०+०७०’ या फोल्डरात असली पाहिजे. एखाद्या पॅकमध्ये ती तिथे नसेल, तर तो पॅक सोलापूरसाठी काही करत नाही. त्याच्यामागे वेळ घालवू नका.

पहिली दहा मिनिटं : लॉग

एक्स-प्लेनच्या मुख्य फोल्डरात ‘लॉग’ नावाची टेक्स्ट फाइल असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच कळसा. ही फाइल दर वेळी सिम्युलेटर सुरू होताना नव्याने लिहिली जाते, म्हणून बिघाड दिसला की सिम बंद करा आणि पुन्हा सुरू करण्याआधी तिची प्रत डेस्कटॉपवर काढून ठेवा. ती नोटपॅडमध्ये उघडून ‘फेल्ड’, ‘एरर’ आणि ‘कस्टम सीनरी’ हे तीन शब्द इंग्रजीत शोधा.

‘फेल्ड टू फाइंड रिसोर्स’ अशी ओळ असेल तर तिचे दोन भाग नीट वाचा. आधी हरवलेल्या वस्तूचा मार्ग येतो, मग ती मागणाऱ्या पॅकचं नाव. मार्गाचा पहिला शब्द बहुधा लायब्ररीचं नाव असतं: ओपनसीनरीएक्स, मिस्टरएक्स, आर२, हँडी ऑब्जेक्ट्स वगैरे. ती लायब्ररी तुमच्याकडे नाही किंवा जुनी आहे. दोष विमानतळाच्या पॅकचा नाही, कोठार रिकामं आहे. लायब्ररी आणून ‘कस्टम सीनरी’ फोल्डरात टाकली की काम झालं. ती यादीत कुठे आहे याने सहसा फरक पडत नाही.

मार्ग पॅकच्या स्वतःच्या ‘टेक्स्चर्स’ किंवा ‘ऑब्जेक्ट्स’ फोल्डरातला असेल तर मात्र झिप अर्धवट उतरली आहे किंवा चुकीची उघडली आहे. फोल्डरात फोल्डर हा प्रकार तर रोजचाच: बाहेर पॅकचं नाव, आत पुन्हा तेच नाव, आणि त्याच्या आत ‘अर्थ नॅव्ह डेटा’. पॅकचा फोल्डर उघडल्याबरोबर ‘अर्थ नॅव्ह डेटा’ दिसला पाहिजे. दिसत नसेल तर आतला फोल्डर उचलून बाहेर आणा. लिनक्सवर लहान-मोठ्या अक्षरांचा फरकसुद्धा नडतो. विंडोजवर चाललेला पॅक तिथे याच एका कारणाने पडतो.

लॉग स्वच्छ आहे आणि सीनरी तरी चुकीची आहे, म्हणजे गडबड क्रमात आहे.

यादी लावणं

कस्टम सीनरी फोल्डरात ‘सीनरी पॅक्स’ नावाची आयएनआय फाइल असते. तिची प्रत काढा, मग नोटपॅडमध्ये उघडा. सोलापूरसाठी वरून खाली क्रम असा हवा:

१. सोलापूर, पुणे, कलबुर्गी असे स्वतंत्र उतरवलेले विमानतळ
२. ग्लोबल एअरपोर्ट्स (एक्स-प्लेन १२ मध्ये ही ओळ दोन तारांकनांच्या मधे लिहिलेली असते; ती पुसू नका)
३. लायब्ररी
४. ‘वायऑर्थो फोर एक्सपी ओव्हरलेज’ (ऑर्थो फोर एक्सपी हा घरी टाइल बनवण्याचा प्रोग्रॅम)
५. ‘झेडऑर्थो फोर एक्सपी’ने सुरू होणाऱ्या टाइल
६. फोटो नसलेली वेगळी मेश, असेल तर

ओव्हरलेच्या नावात सुरुवातीला वाय आणि टाइलच्या नावात झेड आहे तो याचसाठी, की वर्णक्रमाने लावलं तरी ते आपोआप तळाशी जावेत. पण आधीची यादी असताना नवा पॅक टाकला की एक्स-प्लेन तो थेट पहिल्या ओळीवर चढवतं. म्हणजे काल बनवलेली टाइल आज सगळ्यांच्या डोक्यावर बसते आणि ‘नवी टाइल टाकली, विमानतळ गायब झाला’ ही तक्रार येते. उपाय: ती ओळ कापून तळाशी चिकटवा, सेव्ह करा, सिम पुन्हा सुरू करा. यादी पार विस्कटली असेल तर आयएनआय फाइल डिलीट केली तरी चालते; पुढच्या वेळी एक्स-प्लेन ती वर्णक्रमाने नव्याने बनवतं. त्यानंतर ग्लोबल एअरपोर्ट्सची ओळ आणि तुमचे विमानतळ एवढंच तपासायचं उरतं.

गुन्हेगार सापडत नसेल तर अर्धी-अर्धी वाटणी करा. ओळीच्या सुरुवातीचा ‘सीनरी_पॅक’ बदलून ‘सीनरी_पॅक_डिसेबल्ड’ केला की तो पॅक वाचलाच जात नाही. फाइल हलवावी लागत नाही. निम्मे बंद करून पाहा. बिघाड गेला तर तो बंद केलेल्यांत आहे, राहिला तर चालू असलेल्यांत. मग त्यातले निम्मे. चौसष्ट पॅक असले तरी सहा फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येतं. एकेक पॅक बंद करत बसणाऱ्याला हा हिशेब सांगितला तरी पटत नाही, पण सहा म्हणजे सहाच.

समुद्र

सगळीकडे पाणीच पाणी असेल तर ऑर्थो टाइलकडे बघूसुद्धा नका. एक्स-प्लेनचा इन्स्टॉलर चालवून जगाच्या नकाशावर भारताचा चौकोन निवडलेला आहे का ते पाहा. मूळ सीनरी बसवलेली नसेल तर सिम त्या जागी पाणी दाखवतं. फक्त एका चौकोनात पाणी असेल तर त्या टाइलची डीएसएफ फाइल शून्य आकाराची किंवा तुटलेली आहे. टाइल बनवताना मधेच वीज गेल्यावर हे होतं.

फोटो आहे, वस्ती नाही

ऑर्थो फोर एक्सपीने बनवलेल्या टाइलमध्ये जमीन आणि फोटो एवढंच असतं. रस्ते, झाडं, घरं मूळ सीनरीतून वेगळी काढून घ्यावी लागतात. त्यासाठी सेटिंगमध्ये ‘कस्टम ओव्हरले सोर्स’च्या पुढे एक्स-प्लेनच्या मूळ ‘ग्लोबल सीनरी’तल्या त्या फोल्डरचा मार्ग द्यावा लागतो, ज्याच्या लगेच आत ‘अर्थ नॅव्ह डेटा’ आहे. एक पायरी वरचा मार्ग दिला तर काही सापडत नाही आणि ओव्हरले बनत नाही. मार्ग दुरुस्त करून फक्त ओव्हरले काढण्याची पायरी चालवा, दोन मिनिटांचं काम आहे. मग ओव्हरले फोल्डरात +१७+०७५ ची फाइल आली का पाहा आणि यादीत तो फोल्डर टाइलच्या वर आहे का पाहा.

एक्स-प्लेन १२ वर जुन्या ऑर्थो फोर एक्सपीने बनवलेल्या टाइल उघडतात, पण ऋतू आणि पाणी नीट दिसत नाही. १२ साठी १.४० किंवा पुढची आवृत्ती घ्या.

पांढरे, काळे, धूसर चौकोन

इथे जरा थांबून आकडे बघू. आपल्या अक्षांशावर झूम लेव्हल (फोटोच्या बारकाईची पातळी) १६ ला एक पिक्सेल सुमारे २.३ मीटरचा, १७ ला १.१४ मीटरचा आणि १८ ला ०.५७ मीटरचा पडतो. प्रत्येक टेक्स्चर ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं. म्हणून +१७+०७५ या एका टाइलला लेव्हल १६ वर दीडशेच्या आसपास टेक्स्चर फाइल लागतात आणि दीड-पावणेदोन जीबी जागा जाते. १७ वर साडेपाचशे ते सहाशे फाइल, सहा जीबी. १८ वर सगळं पुन्हा चौपट, तेवीस-चोवीस जीबी. चार टाइल १८ वर बनवायला बसलात तर शंभर जीबीच्या घरात जाल, आणि दिसायला मिळेल काय, तर मंगळवेढ्याचं काळं रान जास्त स्पष्ट. सगळीकडे १६ किंवा १७ ठेवा आणि ‘विमानतळाभोवती हाय रिझोल्यूशन’ हा पर्याय चालू करून तेवढ्याच पट्ट्यात १८ घ्या. चार जीबीच्या ग्राफिक्स कार्डाला १६ पुरे.

आता पांढऱ्या चौकोनांकडे. टाइलच्या ‘टेक्स्चर्स’ फोल्डरात जा, डीडीएस फाइल, म्हणजे टेक्स्चरची चित्रं, बघा. विंडोजच्या डिटेल्स दृश्यात ‘साइज’वर क्लिक करून आकाराने लावा. साध्या ४०९६ च्या डीडीएस फाइलचा आकार नेमका १०,९२३ केबी दिसतो. सगळ्या फाइल एका रांगेत तोच आकडा दाखवत असताना एखादी ६,२०८ केबीवर अडकलेली दिसली, तर ती अर्धवट लिहिली गेली आहे. पारदर्शकता असलेल्या फाइल याच्या साधारण दुप्पट असतात, त्या वेगळ्या. कमी आकाराची फाइल मात्र नेहमीच संशयित.

दुरुस्ती अशी. त्या डीडीएस फाइलचं नाव लिहून घ्या. नावात दोन आकडे, स्रोताचं संक्षिप्त नाव आणि झूम लेव्हल असते. डीडीएस डिलीट करा. मग ऑर्थो फोर एक्सपीच्या ‘ऑर्थोफोटोज’ फोल्डरात त्याच नावाची जेपीजी शोधा आणि उघडून पाहा. जेपीजी नीट असेल तर तिला हात लावू नका. अर्धी राखाडी किंवा पांढरी असेल तर तीही डिलीट करा. मग त्याच टाइलवर शेवटची, फोटो आणि डीएसएफ बनवण्याची पायरी पुन्हा चालवा. जे फोटो आधीच उतरले आहेत ते पुन्हा उतरवले जात नाहीत. फक्त गाळलेले येतात. नुसती डीडीएस पुसून खराब जेपीजी तशीच ठेवली तर तोच पांढरा चौकोन पुन्हा तयार होतो, आणि माणूस प्रोग्रॅमला शिव्या देतो.

जेपीजी दर वेळी पांढरीच येत असेल तर त्या स्रोताकडे त्या जागेचा तेवढ्या लेव्हलचा फोटो नाही. लेव्हल एकाने कमी करा किंवा स्रोत बदला. एकाच दिवसात फार मागण्या केल्या तरी काही सर्व्हर थोडा वेळ हात आखडता घेतात. दुसऱ्या दिवशी चालवा. आणि हे फोटो कुणाच्या तरी मालकीचे असतात, बनवलेल्या टाइल पेनड्राइव्हवरून वाटत फिरू नये.

धूसरपणाचं निदान वेळेवरून होतं. जागा पहिल्यापासून धूसर असेल तर लेव्हल कमी आहे, २.३ मीटरच्या पिक्सेलवर गावातला रस्ता दोन पिक्सेलचा, तीन हजार फुटांवरून छान, जमिनीवरून चिखल. सुरुवातीला स्पष्ट आणि वीस मिनिटांनी धूसर होत असेल तर ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरली आहे. टेक्स्चर क्वालिटी एक घर खाली आणा आणि सिम पुन्हा सुरू करा.

उंची : सुळके, खड्डे, उसळणारी धावपट्टी

घरगुती मेश बहुधा ‘एसआरटीएम’ मोजणीवर किंवा तिच्या सुधारित आवृत्त्यांवर उभी असते. ही मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अवकाशयानातून रडारने केली. रडारला उघडी जमीन आणि इमारतीचं छप्पर यांतला फरक कळत नाही, आणि उंचीतल्या चुकीची ठरवलेली मर्यादा १६ मीटर होती. आपलं पठार सपाट, त्यामुळे हवेतून ही चूक जाणवत नाही. ती जाणवते चाकांखाली.

आधी फाइल तपासा. ‘एलिव्हेशन डेटा’ फोल्डरात +१०+०७० च्या आत एन१७ई०७५ नावाची एचजीटी फाइल असेल. एक सेकंदाच्या म्हणजे सुमारे ३० मीटर अंतराच्या नोंदींची फाइल ३६०१ बाय ३६०१ ची, आकार २,५९,३४,४०२ बाइट. तीन सेकंदांची, सुमारे ९० मीटरवाली, १२०१ बाय १२०१ ची, आकार २८,८४,८०२ बाइट. राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आकडा जुळवा. एक बाइटही कमी असेल तर फाइल तुटकी आहे, पुन्हा उतरवा. एचजीटीत दुसरं काही नसतंच, नुसत्या दोन-दोन बाइटच्या उंच्या ओळीने, म्हणून हा आकडा कधी बदलत नाही.

ज्या जागी रडारला काही मिळालं नाही तिथे −३२७६८ हा आकडा भरलेला असतो. तो ‘नोंद नाही’ असा न वाचता खरी उंची म्हणून वाचला गेला, तर जमिनीत पाताळापर्यंत विहीर पडते. ऑर्थो फोर एक्सपीत ‘फिल नोडेटा’ चालू आहे का पाहा, किंवा भोकं आधीच भरलेली फाइल वापरा.

धावपट्टी उसळत असेल तर ‘एअरपोर्ट स्मूदिंग’ची किंमत वाढवा. मुळात ती ८ असते. १६ करून बघा. पहिली, वेक्टर माहितीची पायरी, मग मेशची, मग डीएसएफची, अशा पुन्हा चालवा. फोटो तसेच राहतात. याने भागलं नाही तर विमानतळाच्या पॅकमध्ये, वर्ल्ड एडिटर हा सीनरी बदलण्याचा प्रोग्रॅम वापरून, ‘ऑलवेज फ्लॅटन’ लावता येतं. हा हातोडा आहे: सगळा विमानतळ एका पातळीवर येतो आणि कडेला जमिनीशी पायरी पडू शकते. सोलापूरच्या सपाटीवर ती खपून जाते. घाटातल्या विमानतळावर हा प्रयोग करू नका.

पडताळा सोपा आहे. सोलापूर विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १,५८० फूट, म्हणजे ४८० मीटरच्या आसपास. विमान धावपट्टीवर उभं करून, हवेचा दाब बरोबर लावून, अल्टिमीटर वाचा. वीस-तीस फुटांचा फरक चालेल. शंभर फुटांचा असेल तर मेश चुकली आहे किंवा तुम्ही दाब लावायला विसरलात. दुसरं आधी तपासा.

पाणी

पाणी बरोबर कापलं गेलं का हे बघायला शहरातच आयती जागा आहे. सिद्धेश्वर तलावावर हजार फुटांवरून घिरटी घाला. तलावाच्या मधे मंदिराची जागा जमीन म्हणून दिसली पाहिजे. सगळा तलाव एकसंध निळा झाला असेल तर पाण्याच्या नकाशातलं बेट गाळलं गेलं आहे. तलाव नुसता हिरवट फोटो असेल, लाटा नसतील, तर तो पाणी म्हणून ओळखलाच गेला नाही. पाण्याच्या किमान क्षेत्रफळाची अट फार मोठी ठेवलेली असते. ‘मिन एरिया’ कमी करा आणि पहिल्या पायरीपासून, म्हणजे वेक्टर माहितीपासून चालवा. मग कंबर तलाव आणि तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव बघा.

उजनीचं दुखणं निराळं. नकाशात जलाशयाची कड बहुधा भरलेल्या धरणाची असते. फोटो मात्र उन्हाळ्यातला असू शकतो आणि त्यात काठचा गाळ, त्यात केलेली पिकं दिसतात. मग निळ्या पाण्याखालून शेतं डोकावतात. हा बिघाड नाही, दोन तारखांचं भांडण आहे. पाण्याच्या मास्कची (काठाला पाणी आणि फोटो मिसळणाऱ्या पट्ट्याची) रुंदी वाढवली की काठ मऊ होतो. पावसाळ्यानंतरचा फोटो देणारा स्रोत मिळाला तर सगळ्यांत बरं.

७५ पूर्व रेषेवर पाण्यात पायरी दिसत असेल तर +१८+०७४ आणि +१८+०७५ वेगवेगळ्या उंचीच्या फाइलवर बनल्या आहेत. उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर, म्हणजे १,६३० फूट. ज्या टाइलचं पाणी याच्या बरंच वर आहे, ती खोटी. दोन्ही टाइल एकाच उंचीच्या स्रोतावर पुन्हा बनवा. तुळजापूरजवळच्या नाक्यावर जमिनीत फट दिसली तरी उपाय हाच. रंगाचा जोड, एकीकडे हिरवा ऊस आणि रेषेपलीकडे करपलेलं रान, हा फोटोच्या तारखांचा फरक. तो स्रोत बदलूनच जातो.

विमानतळाचा थर

एकाच जागी दोन इमारती एकमेकींत घुसल्या असतील तर सोलापूरचे दोन पॅक चालू आहेत. एक बंद करा. वस्तू हवेत तरंगत असतील तर पॅक वेगळ्या मेशवर बनवला गेला आहे. धावपट्टीत झाडं उगवली असतील तर पॅकमध्ये वगळण्याचं क्षेत्र आखलेलं नाही. वर्ल्ड एडिटरमध्ये ‘एक्सक्लूजन झोन’ आखून त्यात जंगल, रस्ते, घरं निवडा आणि पॅक एक्सपोर्ट करा.

जुन्या पॅकमध्ये आणखी एक गोष्ट बघा. विमानतळाजवळची, श्री सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. त्याआधीच्या पॅकमध्ये ती अजून उभी असू शकते. पॅकची प्रत काढून वर्ल्ड एडिटरमध्ये ती वस्तू निवडा, डिलीट करा, एक्सपोर्ट करा. फोटोत तिची आडवी सावली उरेल, तिला इलाज नाही. एनटीपीसीच्या वीजकेंद्राची चिमणी मात्र पुसू नका; ती आहे.

दुसरी सिम्युलेटरं

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये उंची आणि फोटो मुख्यतः इंटरनेटवरून येतात. बिघाड दिसला की ‘कम्युनिटी’ फोल्डरचं नाव बदला, त्याच नावाचा रिकामा फोल्डर करा आणि सिम सुरू करा. बिघाड गेला तर तो अ‍ॅड-ऑनमध्ये आहे. मग तीच अर्धी-अर्धी वाटणी. राहिला तर रोलिंग कॅशे (इंटरनेटवरून आलेल्या माहितीचा डिस्कवरचा साठा) डिलीट करून पुन्हा तयार करा, सुळके आणि जुने फोटो बऱ्याचदा तिथेच अडकलेले असतात. पॅकमध्ये स्वतः एखादी फाइल घातली आणि ती दिसतच नसेल, तर ‘लेआउट’ नावाची जेसन फाइल नव्याने बनवा. तिच्यात नोंद नसलेली फाइल सिम उघडत नाही.

फ्लाइटगिअर फुकट आहे आणि जुन्या कॉम्प्युटरवर चालतं. तिथे सोलापूरची जमीन ‘टेरेन’ फोल्डरात ई०७०एन१०, त्याच्या आत ई०७५एन१७ अशी असते. रेखांश आधी, अक्षांश नंतर, एक्स-प्लेनच्या उलट. नावं उलटी केल्याने टाइल न दिसणं हा तिथला नेहमीचा घोळ.

डिस्क आणि वीज

टाइल बनवताना कॉम्प्युटर तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असताना दुपारी हे काम लावू नका. रात्री लावा, कॅबिनेटची जाळी आधी पुसून घ्या. यूपीएस हवाच. इन्व्हर्टरवर बदली होताना क्षणभर जो झटका बसतो, तेवढ्यात एखादी डीडीएस तुटते आणि आठवड्याने पांढरा चौकोन होऊन समोर येते.

सिम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये ठेवू नका, वनड्राइव्हने सिंक होणाऱ्या फोल्डरात तर नाहीच. टाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवायच्या असतील तर त्यांचे विंडोज शॉर्टकट करून कस्टम सीनरीत टाका, एक्स-प्लेन ते ओळखतं. बाहेरच्या डिस्कचं ड्राइव्ह-अक्षर बदललं की मात्र सगळ्या टाइल एकदम गायब होतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला कायमचं अक्षर देऊन टाका.

पडताळणीचं उड्डाण

सेसना १७२ घ्या, निरभ्र आकाश ठेवा. सोलापूरहून उठून सिद्धेश्वर तलाव, हिप्परगा, तुळजापूर, बार्शी, उजनीची भिंत, तिथून पश्चिमेला ७५ पूर्व ओलांडेपर्यंत, मग पंढरपूर आणि परत. २८० किलोमीटरच्या आसपास अंतर, दीड तासाच्या आत. तुळजापूरजवळ नाक्यावर खाली बघा, बार्शीकडे जाताना फोटो धूसर होतो का बघा, उजनीवर पाण्याची पायरी, पंढरपूरला भीमेचं वळण आणि घाटाकडची वस्ती. प्रत्येक खोट दिसली की सिम न थांबवता कागदावर जागा आणि थर एवढंच लिहा: ‘बार्शी, फोटो’; ‘उजनी, उंची’. उतरून विमान थांबवा, लॉगची प्रत काढा, आणि कागदावरच्या पहिल्या ओळीपासून सुरू करा.